तिसोनला काय मानवतं

३ जून, मंगळवार

पुन्हा ओकला. पायपुसण्यावरच! कालच धुतलं होतं.

कारखान्याची बस वळणावर सोडते, तिथून घरापर्यंत अंधारच. एरवी हा फाटकाशी उभा असतो, बसचा आवाज ओळखतो. आज नाही. हाक मारली तर पायरीखालून नुसती शेपटी हलली — एकदाच, उपकार केल्यासारखी. पोट आत ओढलेलं, पाठ वाकलेली. दिवसभर शिंपले साफ करून माझी बोटं सुजलेली, आणि घरी येऊन काय, तर कुत्र्याची ओकारी पुसा. माझ्या नवऱ्याचा, एरिबेर्तोचा कुत्रा हा. तो असता तर त्यानेच पुसली असती, वर कुत्र्याची बाजू घेऊन माझ्याशी भांडला असता.

मागच्या हिवाळ्यात, याच जून-जुलैत, असंच झालं होतं. मग वसंतात आपोआप बरा झाला आणि मी विसरून गेले. आता परत तेच. खाणं तर बदललेलं नाही. लाल पोतं, त्यावर दात काढून हसणारा कुत्रा, सिस्तोच्या दुकानातलं सगळ्यात स्वस्त. एरिबेर्तो होता तेव्हापासून हेच. आज त्या हसऱ्या कुत्र्याचा रागच आला. एवढं हसायला झालंय काय?

५ जून, गुरुवार

सिस्तोकडे गेले. दुकानातल्या शेगडीभोवती नेहमीचे तिघे-चौघे हात शेकत बसलेले. मी आत गेले की गप्पा थांबतात. या बेटावर वीस वर्षं काढली, इथल्याच माणसाशी संसार केला, इथल्याच मातीत त्याला पुरलं — तरी मी आपली 'उत्तरेकडची'.

"सिस्तो, तिसोनला हे पोतं मानवत नाहीसं दिसतंय."

"पोतं मानवत नाही, की कुत्रं म्हातारं झालं?"

"आठ वर्षांचा आहे."

"मग अजून घोडनवरा आहे! मला बघ, या वयात सगळं मानवतं. बायकोच्या हातचंसुद्धा."

सगळे हसले. मीही हसले, उशिरा.

पण माणूस थट्टेखोर असला तरी माल ओळखतो. पोतं उलटं करून मागची बारीक अक्षरं दाखवली. पहिलं नाव मक्याचं असेल तर मका विकत घेतलास, मांस नाही. आणि दाणे लाल-हिरवे असतील तर — "रंग कुत्र्याला कुठे कळतो? तो तुला भुलवायला." मधल्या किमतीचं एक तपकिरी पोतं आहे, कोंबडी आणि तांदळाचं. म्हणाला, पोतंच्या पोतं नेऊ नकोस, सुटं ने. आणि एकदम बदलू नकोस, जुन्यात थोडं थोडं मिसळत जा, नाहीतर पोट आणखी बिघडेल नि शिव्या मला देशील.

सुटं आणलं. वास बरा आहे. मी एक दाणा चावून बघितला! कुणी बघत नव्हतं म्हणून लिहितेय. भुशासारखा लागला.

८ जून, रविवार

ग्लादिसचा फोन. धाकटी बहीण, पण बोलते सासूसारखी.

"नेली, तिथे आता तुझं आहे कोण? पाऊस आणि कुत्रा!"

खोली रिकामी आहे म्हणे. खिडकीतून समुद्र दिसतो. तिकडे उत्तरेला, इकिकेत पाऊस नाही, चिखल नाही, लाकडं फोडायला नकोत. बेकरीत तिच्याच शेजारी काम मिळेल. फक्त त्यांच्या इमारतीत कुत्रे चालत नाहीत. "मांजरसुद्धा नाही," म्हणाली — मला मांजर हवंय असं कुणी सांगितलं तिला?

निबाल्दोला ईस्टरलाच विचारून ठेवलंय. एरिबेर्तोचा पुतण्या, केमचीकडे मेंढ्या पाळतो. त्याचं म्हणणं सरळ: "काकू, नेतो की! पण धडधाकट करून दे. माझ्याकडे औषधपाणी करायला ना बायको, ना वेळ. कुठलं पोतं चालतं ते सांग, आणि मला झेपेलसं सांग. सोन्याचे दाणे सांगू नकोस."

तर एकूण असं आहे. तिसोनला मानवेल आणि निबाल्दोला परवडेल असं एक पोतं सापडलं, की मी मोकळी. हिवाळा सरायच्या आत उत्तरेला. इथे मला अडवणारं कुणी नाही.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि उगीच त्याच्याकडेच बघत बसले.

१४ जून, शनिवार

शेजारच्या मानसिय्यांकडे डुक्कर कापलं. दुपारपासून अख्ख्या गल्लीत चरबी कढवल्याचा वास. कपड्यांना लागलाय, केसांना लागलाय, उशीलाही लागणार.

इथली रीत आहे. कुणाकडे डुक्कर कापलं की शेजारीपाजारी वानवळा जातो — ताटात चरबीतले कुरकुरीत तुकडे, मांसाचा एक बरासा कापा, मिलकाओ म्हणजे किसलेल्या बटाट्याची जाड भाकरी, वर फडकं. आणि ज्याच्या घरी ताट गेलं त्याने आपलं डुक्कर कापलं की तसंच ताट परत धाडायचं. तुकडा लहान निघाला तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत टोमणे! एरिबेर्तो होता तेव्हा जूनपासून ऑगस्टपर्यंत आमच्या टेबलावर सारखं कुणाचं ना कुणाचं ताट. मी कुरकुरायचे, किती ही चरबी, खाता की चुली पेटवता? तो बोटं चाटत हसायचा.

तो गेला आणि ताटं थांबली. हा दुसरा हिवाळा. बरोबरच आहे म्हणा. ताटं त्याची होती. मी ना डुक्कर पाळत, ना कापत, मी परत काय देणार? दगड?

मानसिय्यांची थोरली फडक्याखाली ताट धरून घरोघर जात होती. पडद्याआडून बघत होते. माझ्या फाटकावरून पुढे गेली. पाऊल जरासुद्धा अडखळलं नाही. मी पडदा सोडला. रडले नाही. बरं — थोडी रडले.

समोरच्या रुदेलिंदाबाई तिथेच होत्या, कुठे नसतात? सत्तरी ओलांडली, तरी चरबी कढवायला सगळा गाव त्यांनाच बोलावतो. त्यांचा हात असला की कढई करपत नाही म्हणतात. पैसे घेत नाहीत, आपला वाटा डब्यात घालून आणतात. संध्याकाळी नवऱ्याचे जुने गमबूट घालून फताक फताक करत घरी आल्या. मला हात केला. मीही केला. वीस वर्षांचा शेजार, आणि आमचं दळणवळण एवढंच.

१७ जून

तपकिरी दाणे अर्धी वाटी खाल्ले. मग नाक मुरडून पायरीखाली. सकाळी पातळ.

१९ जून

आज काही खाल्लंच नाही. वाटीकडे बघतो, माझ्याकडे बघतो. जणू मीच चूक केलीये.

२६ जून, गुरुवार

पालिकेची डॉक्टरीण महिन्यातून एकदा येते, मैदानाशेजारी गाडी लावते. अर्धा दिवस रजा टाकली — मुकादम म्हणाला, "कुत्र्यासाठी रजा? माझ्या सासूसाठी मला मिळत नाही!" — आणि तिसोनला दोरी बांधून नेलं. रांगेत सगळे आपापल्या कुत्र्याची कौतुकं सांगत होते. मी दोरी धरून उभी.

डॉक्टरीण अगदी पोरगी आहे, पण हात मऊ. पोट दाबलं तेव्हा तिसोन कण्हला. मला लागल्यासारखं झालं.

"काय काय खातो?"

"हेच, पोत्यातलं. आणि संध्याकाळी माझ्या चहाबरोबर पावाचा तुकडा."

"चरबी कुठून पोटात जातेय का? तळकट काही?"

"चरबी! मलाच दोन वर्षांत दिसलेली नाही."

ती हसली नाही. बाहेर भटकतो का? नाही, फाटक तारेने बांधून जाते. मग म्हणाली की खाण्यातलंच काहीतरी सोसत नाहीये. एकच कोरडं खाणं ठरवायचं आणि दोन महिने त्याशिवाय काही नाही. हाड नाही, रस्सा नाही. "पावसुद्धा नाही, बाई. एक कणसुद्धा नाही. नाहीतर कशाने बिघडतं नि कशाने सुधारतं, कळणार कसं?"

पाव नाही म्हणाली तेव्हा मी तिसोनकडे बघितलंच नाही.

२८ जून, शनिवार

पावाशिवायचा पहिला चहा. खरं म्हणजे माझ्या ताटात पाव होता. त्याच्याकडे नव्हता.

एरिबेर्तो गेल्यापासून आमचं ठरलेलं आहे. मी कामावरून येते, चूल पेटवते, चहा ठेवते, पाव फोडते. वरचा कडक भाग त्याला, आतला मऊ मला. तो टेबलाखाली, त्याचं डोकं माझ्या पायावर. मी कारखान्यातलं सांगते, कोण कुणाला काय बोललं ते. दिवसात तेवढंच माझं बोलणं होतं.

आज त्याला पायरीवर ठेवून दार लावलं. काचेला नाक लावून बसला. काचेवर वाफेचा गोल, मग गोल पुसट, मग परत. मी पाठ करून खाल्लं. उद्यापासून उभ्यानेच चहा घ्यावा, बसायचं तरी कशाला?

६ जुलै, रविवार

लाकडं आत आणत होते तर रुदेलिंदाबाई फाटकाशी थांबल्या. आज प्रथमच.

"बरी आहेस ना, पोरी?"

"बरी आहे."

"खाणं-पिणं?"

"चाललंय."

"दिसतंय ना मला!" म्हणाल्या, आणि इतक्या खुशीत हसल्या की मी घरात येऊन आधी आरशात कंबर बघितली. वाढलीये का? मग म्हणजे काय दिसतंय?

आणि हा बेइमान! पोटात दुखतंय म्हणून सकाळपासून आडवा पडलेला, तो त्यांचा आवाज ऐकून ताडकन उठला. शेपटी, उड्या, फाटकावर पुढचे पाय! दिवसभर राबून मी खायला घालायचं आणि नाच समोरच्या बाईपुढे. त्यांनी त्याच्या कानामागे खाजवलं आणि गेल्या. काहीतरी बोलायला हवं होतं. "या ना आत" म्हणायला काय पैसे पडत होते? माझं हे असंच.

९ जुलै

काल आल्यावर बघितलं तर त्याच्या मिशा तेलकट, चमकत होत्या! मनात म्हटलं, तपकिरी पोतं अंगी लागायला लागलं, दाण्यातलं तेल बाहेर येतंय. उगीच सिस्तोवर शंका घेतली.

आज सकाळी पुन्हा ओकला. पिवळं, फेसाळ. कारखान्याच्या बसने दोन वेळा हॉर्न वाजवला तरी मी अंगणात त्याच्याजवळ बसलेली. धावत जाऊन चढले, तर सगळ्या बसचे डोळे माझ्यावर.

कोंबडीच सोसत नसणार.

११ जुलै, शुक्रवार

सिस्तोकडे परत. शेगडीवाले म्हणाले, "आली बघ, कुत्र्याची आई." आता मला नाव तरी मिळालं!

"कोंबडी नको मग. हे बघ, साल्मन आणि तांदूळ." पांढरं पोतं, त्यावर कुत्रा नाही, फूल नाही, काही नाही. "चित्र नाही म्हणून स्वस्त. कुत्र्याचे फोटो काढायला काय कमी पैसे घेतात?"

लाल पोत्यापेक्षा महागच आहे. पण निबाल्दोला झेपेल, मेंढीची लोकर विकतो तो. या वेळी पोतंच्या पोतं घेतलं. सिस्तोने हातगाडीवर घालून दिलं आणि एकाएकी गंभीर होऊन म्हणाला, "एवढा जीव टाकतेस आणि देऊन टाकणार म्हणतेस?" म्हणजे गावभर झालं आहे. इथे कुणाशी बोलत नाही तरी सगळ्यांना सगळं ठाऊक. मी म्हटलं, "माणसाने एकटं किती राहायचं?" असं फाडकन बोलून गेले आणि कानापर्यंत लाल झाले. शेगडीवाले बुटांकडे बघायला लागले.

घरी येईपर्यंत स्वतःवर चरफडत होते. कुणी विचारलं होतं?

१५ जुलै

एरिबेर्तोचा वाढदिवस. कुणाच्या लक्षात असायचं कारण नाही. बटाट्याची मिलकाओ करणार होते, पण एकटीसाठी कुठे किसत बसायचं? अंडं तळलं.

२० जुलै, रविवार

पांढरं पोतं आता पूर्ण सुरू, मिसळणं संपलं. दोन दिवस बरा, तिसऱ्या दिवशी पुन्हा पातळ. हा काय खेळ लावलाय देवाने? एक कण इकडेतिकडे जाऊ देत नाही. अंगणातली पडकी सफरचंदंसुद्धा वेचून टाकली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं सगळं करते आणि हा दिवसेंदिवस वाळतोय. बरगड्या मोजता येतात.

ग्लादिस म्हणते, म्हातारं कुत्रं, सुई देऊन मोकळी हो. मी फोन ठेवून दिला. परत लावला नाही.

खरं सांगू? आज एक वाईट विचार आला. हा बरा झालाच नाही तर मला जावं लागणार नाही. आणि लगेच त्याच्या पोटावर हात ठेवला, माफी मागितल्यासारखा. पोट गरम होतं, आत गुडगुड चालली होती.

३१ जुलै, गुरुवार

घट्ट! सकाळी अंगणात — घट्ट, नीट, दृष्ट काढावी अशी! कंदील घेऊन वाकून बघत होते. आयुष्यात कशाकशाचा आनंद होऊ शकतो माणसाला.

आठवडा झाला, ओकारी नाही.

४ ऑगस्ट

वाटी चाटूनपुसून. आणि फाटकाशी हजर! बस वळणावर थांबायच्या आधी भुंकला. बसमधली इर्मा म्हणाली, "नेलिदा, तुझा नवरा वाट बघतोय." आज पहिल्यांदाच मी तिला उलट बोलले, "तुझ्याच्यापेक्षा बरा आहे, दारू पीत नाही!" सगळी बस हसली. मजा वाटली.

१० ऑगस्ट, रविवार

ठरलं. साल्मनचं पांढरं पोतं. सिस्तोला सांगितलं तर छाती काढून म्हणाला, "बघ! ऐकलं असतंस आधीच..." आधी कुठे सांगितलं होतं याने? असो. श्रेय त्याचं.

निबाल्दोला फोन केला. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. "काकू, एक पोतं सोबत दे हं, सुरुवातीला." देईन. ग्लादिसला फोन केला. ती ओरडलीच आनंदाने. तिकीट तीच काढते म्हणाली, महिनाअखेरचं.

दोन्ही फोन झाले आणि घरात चुलीचा तेवढा आवाज. हवं होतं ते सगळं झालं. तिसोन धावत येऊन चेंडू माझ्या पायाशी टाकून उभा. किती दिवसांनी चेंडू आणला त्याने! मी उचलला नाही. उचलला असता तर संपलंच.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पोतं आणायला गेले तर सिस्तो म्हणाला, "रुदेलिंदाबाईंची काही खबर?"

"कसली खबर?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं! चोवीस जुलैला, सांत्यागोच्या सणाच्या आदल्या दिवशी बर्फावरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून कास्त्रोच्या हॉस्पिटलात आहेत. "समोर राहतेस आणि ठाऊक नाही?"

नाही ठाऊक. त्यांच्या धुराड्यातून धूर येत नव्हता ते दिसत होतं मला. वाटलं, कुठल्या खेड्यात कढईवर गेल्या असतील. अंधारात जाते, अंधारात येते, आणि मान वर करून बघतेय कुठे मी? कुत्र्याची शी कंदील घेऊन बघते. शेजारीण तीन आठवडे नाही, त्याचा पत्ता नाही.

भेटायला जावं का? पण जाऊन बोलू काय? मी त्यांची कोण? वीस वर्षं नुसते हात हलवले. त्या म्हणतील, ही कशाला आली? राहू दे. निघायच्या आधी त्यांच्या मुलीकडे निरोप ठेवीन.

१६ ऑगस्ट, शनिवार

उद्या नेणार.

त्याची वाटी, दोरी, गोधडी बांधून ठेवली. पोतं दाराशी. निबाल्दोसाठी कागदावर लिहिलं — सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक, बाकी काही नाही. मग खाली लिहिलं, 'मेघ गडगडले की घाबरतो.' मग, 'कानामागे खाजवलेलं आवडतं.' मग कागद चुलीत टाकला, निबाल्दो हसेल.

संध्याकाळी चहा ठेवला. दार उघडं ठेवलं. तो उंबऱ्याशी येऊन थांबला, आत येऊ का विचारत. ये म्हटलं. पाव फोडला, कडक भाग दिला. डॉक्टरीणबाई काय म्हणायचं ते म्हणोत. टेबलाखाली डोकं माझ्या पायावर. कारखान्यातलं सांगायला गेले आणि निबाल्दोच्या मेंढ्यांचंच सांगत बसले. तो ऐकत होता तरी.

मला नाही जायचं. पण राहायचं कुणासाठी? कुत्र्यासाठी कुणी राहतं का? लोक हसतील. लोक — कुठले लोक?

१७ ऑगस्ट, रविवार

निबाल्दो गाडी घेऊन आला आणि तेवढ्यात समोरून रुदेलिंदाबाईंची मुलगी रस्ता ओलांडून आली. आईला उद्या हॉस्पिटलातून पुएर्तो मोंतला आपल्या घरी नेणार, म्हणून भांडी आवरतेय. "आईचं एक ताट तुमच्याकडे राहिलंय. निळ्या काठाचं."

माझ्याकडे? कसलं ताट?

"अहो, वानवळ्याचं! कुठेही कढई झाली की आपल्या वाट्यातलं तुमच्यासाठी ठेवायची ना ती, दुपारी तुम्ही कामावर असताना, इथे फाटकाआतल्या ओंडक्यावर. सकाळी तुमची बस गेली की रिकामं ताट घेऊन जायची. म्हणायची, हातात दिलं तर बिचारीला परत काय द्यायचं याचा घोर लागेल. आणि कौतुक किती तुमचं! 'बोलत नाही, पण ताट कसं घासून लख्ख ठेवते बघ. जेवतेय पोरगी. जेवतेय म्हणजे तरेल.'"

लाकडांच्या ढिगामागे सापडलं. चाटून लखलखीत. तिसोन माझ्याकडे बघेना.

दोन्ही हिवाळे. आणि लाल पोत्यात काही खोट नव्हती.

"काकू, कुत्रा घालू का गाडीत?" निबाल्दोने विचारलं.

"कुत्रा राहू दे. मला घाल. कास्त्रोच्या हॉस्पिटलात सोड."